आतली खोली वापरात आहे

"हा चहा आहे की काढा? साखर काय उंदरांनी नेली?"

नानांची कुरकूर वैजयंताच्या तळपायाशी ऐकू आली. नाना म्हणजे तिचे सासरे. मंगळवारपासून ते आतल्या खोलीच्या फरशीखाली होते. दोन फरशांच्या फटीतून ती चहा ओतायची आणि तो त्यांच्यापर्यंत पोचायचा. पोचला नसता तर कुरकूर कशाला आली असती?

झालं होतं ते अगदी सरळ होतं. वैजयंता लिनक्स, म्हणजे हुकूम टाइप करून कॉम्प्युटर चालवायचं, आपलं आपणच शिकली होती, डाळ शिजेस्तोवर व्हिडिओ बघत बघत. कॉम्प्युटरमधल्या कप्प्यांना तिनं घरातल्या जागांचीच नावं दिली होती: स्वयंपाकघर, देवघर, माळा. नानांचे रिपोर्ट आणि एक्स-रे 'आतली खोली'त. तो कप्पा भरत आला म्हणून तिनं नवी डिस्क आणली, आणि मशीन सुरू होताना ती कुठं बसवायची त्या ओळीत बिनदिक्कत लिहिलं, 'आतली खोली'. मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, आणि डिस्क घरातल्या खऱ्या आतल्या खोलीवरच बसली; पलंगावरचे नाना खाली राहिले.

"आधीचं काही पुसलं जात नाही," तिनं नवऱ्याला समजावलं होतं. "गादीवर दुसरी गादी टाकली की पहिली खाली राहते ना, तसं. वरची उतरवली की नाना आहेत तिथंच असतील."

"मग घाई काय आहे?" मधुसूदन म्हणाला होता.

खोली सुरेख झाली होती. मलमाचा वास नाही, पलंग नाही, पलंगाला बांधलेली घंटा नाही. समोरच्या भिंतीला हात लावायचा तर उठून बरंच चालावं लागे. मधुसूदननं तिथं आपली आरामखुर्ची आणली. त्याची थोरली बहीण कमळ नानांना बघायला म्हणून अकोल्याहून आली आणि तिनं खोलीभर बॅगा उघडल्या. कॉम्प्युटरचं टेबल तेवढं मधोमध राहिलं होतं.

दुपारी जेवणं झाल्यावर वैजयंता टेबलाशी बसली. डिस्क उतरवायचा हुकूम तिनं टाइप केला. मशीननं उत्तर दिलं, 'जागा वापरात आहे.'

कोण वापरतंय, तिनं विचारलं. मशीननं नावं सांगितली. ती तिनं मोठ्यानं वाचली.

"माझं नाव घ्यायला ते कोण लागून गेलंय?" कमळ उखडली. "मी पाहुणी आहे."

"पाहुण्या हिवाळ्याची स्वेटरं आणत नाहीत, वन्सं."

"बापाच्या घरी येताना तुला विचारून बॅग भरू?"

"बाप खाली आहेत. त्यांनाच विचारा."

खालून काठी आपटली. कुणी खाली पाहिलं नाही.

"इतकं आहे तर मशीनच बंद कर," मधुसूदन म्हणाला.

"तुम्हीच करा."

तो प्लगच्या भिंतीकडे निघाला. बऱ्याच वेळानं घामाघूम होऊन परतला. "बटण दिसतं," खुर्चीत टेकत तो म्हणाला. "भिंत मागं सरकते."

खोली वाढायला जागा लागत होती आणि ती बाकीच्या घरातून जात होती. स्वयंपाकघरात आता तिरपं होऊन शिरावं लागे. सकाळी तर वैजयंतानं कणीक उभ्यानं, छातीशी परात धरून मळली होती.

"खोल चाललेत ते," ती म्हणाली. "काल टाचेशी बोलत होते, आज विहिरीतून बोलल्यासारखे बोलतात. असेच बसून राहिलो तर आवाजही यायचा नाही. मग डिस्क उतरवून खाली सापडेल काय?"

मधुसूदननं पेपरचं पान उलटलं. "खाली गारवा तरी असेल."

"मोठी आली सेवा करणारी," कमळ भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाली.

वैजयंतानं बोटं कळफलकावर ठेवली. "जबरदस्तीनंही उतरवता येते. मात्र आत जो असेल त्याचं काय होतं, ते मशीन सांगत नाही."

कमळच्या बॅगा फटाफट मिटल्या. मधुसूदननं खुर्ची घडी करून काखेत मारली. दोघं धुसफुसत, एकमेकांना कोपरं लावत उंबऱ्याबाहेर जाऊन उभी राहिली.

तिनं पुन्हा हुकूम दिला. 'जागा वापरात आहे.'

कोण, तिनं विचारलं. मशीननं एकच नाव सांगितलं.

नवशिक्यांची चूक. जी जागा उतरवायची तिथंच बसून हुकूम सोडायचा. व्हिडिओत एका माणसानं हेच केलेलं पाहून ती पोट धरून हसली होती. उपायही सोपा. कळफलकाची वायर उंबऱ्यापर्यंत पुरत होती. उठायचं, बाहेर व्हायचं, तिथून टाइप करायचं.

"कुणाचं नाव आलं?" मधुसूदननं विचारलं.

"माझं."

"मग ऊठ की! आम्ही नाही का उठलो?"

तिनं खुर्चीच्या हातांवर जोर दिला. नानांना कुशीवर वळवून वळवून तिच्या पाठीत एक हाड कायमचं दुखायचं. मंगळवारपासून ते दुखत नव्हतं. मंगळवारपासून ती ऊन तोंडावर येईपर्यंत झोपत होती.

"वैजयंता," खालून आवाज आला. सूनबाई नाही, अगं नाही. इतक्या वर्षांत त्यांनी तिला नावानं हाक मारली नव्हती. आवाजात कुरकूर उरली नव्हती. "वैजयंता, वर कुणी आहे का?"

"ऊठ," मधुसूदन म्हणाला.

"ऊठ ना गं," कमळ म्हणाली. दोघांचेही डोळे तिच्यावर नव्हते.

वैजयंतानं खुर्चीचे हात सोडले.

"मला ते परत नकोत," ती म्हणाली.

मग कमळनं बॅगा उचलल्या आणि उंबरा ओलांडून आत आली. तिच्यामागून मधुसूदन आला, खुर्ची उलगडून बसला. सगळ्यांना पुरावी म्हणून खोली आणखी थोडी लांब झाली.