एमिल कुचेराची कोरी नाणी

त्या रविवारी दुपारी गावच्या सभेच्या जागेत, सोकोल हॉलमध्ये, मुंगीला शिरायला वाट नव्हती. प्राहा क्रीकची वस्ती जेमतेम बाराशेची, त्यातले निम्मे तरी इथे लोटले होते. काही जण शेजारच्या काउंटीतून गाड्या हाकत आले होते. व्यासपीठावर एक टेबल, टेबलावर चरबीचे नऊ जुने पत्र्याचे डबे आणि डब्यांमागे गावोगाव फिरणारा धर्मोपदेशक बंधू ड्वाइट लॅराबी, हातात पिवळा रुमाल घेऊन.

गेल्या रविवारी याच रुमालात त्यानं चांदीचं एक चकचकीत नाणं गुंडाळलं होतं, अर्ध्या डॉलरचं. मिनिटभर काहीतरी पुटपुटून रुमाल उघडला, तर नाणं तव्याच्या बुडासारखं काळं. बायका रडल्या होत्या, पुरुषांनी टोप्या काढल्या होत्या. आठ दिवस गावात दुसरा विषय नव्हता.

कारण नाणं एमिल कुचेराचं होतं. एमिल गावच्या बँकेत तेहतीस वर्षं रोखपाल होता. चार वर्षांपूर्वी बँक बुडाली, शेअर घेतलेल्यांचे शेअर बुडाले आणि एमिलचं पेन्शनही त्यात गेलं. या वसंतात तो वारला. मग तळघरात आंबवलेल्या कोबीच्या बरण्यांमागून हे डबे बाहेर निघाले. आत टांकसाळीतून निघाल्यावर कुणाच्याही हातात न खेळलेली कोरी नाणी, बँकेच्या कागदी गुंडाळ्यांत जशीच्या तशी. गावानं दोन आणि दोन चार केले. चांदी काळी पडली म्हणजे चोरीची.

पहिल्या रांगेत एमिलची बायको अल्बीना बसली होती. तिच्या पर्समध्ये पेन होतं. लॅराबीनं एक कागद तयार करून आणला होता: सारी नाणी त्याच्या हवाली करायची, तो ती वितळवून प्रायश्चित्ताची घंटा ओतणार, आणि एमिलचा आत्मा सुटणार. अल्बीना सही करायला आली होती. सात रात्री तिला झोप नव्हती. एमिल म्हणायचा, "हे तुझं म्हातारपण आहे, अल्बीना." ते म्हातारपण चोरीचं असेल तर तिला नको होतं.

गुरुवारी व्हर्ना झेलेनी घरी येऊन गेली होती. व्हर्नानं शाळेत तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. "अगं, चांदी गंधकानं काळी पडते," ती म्हणाली होती. "अंडं खाल्लेला चमचा बघ. त्यात पापपुण्य कुठून आलं?"

"मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," असं म्हणून अल्बीनानं दार लावून घेतलं होतं.

"बंधू-भगिनींनो," लॅराबीनं सुरुवात केली, "मी अडाणी माणूस. वीस वर्षांत या हातांनी पैशाला स्पर्श केला नाही. नाणं कसलं, कुठलं, मला विचाराल तर मला काही कळत नाही. मला फक्त चांदीचं रडणं ऐकू येतं."

"त्याच्या नव्या कोऱ्या ट्रकचं रडणं नाही का ऐकू येत?" मागून कुणीतरी कुजबुजलं. पण पुढच्यांनी मान वळवून डोळे वटारले.

"गेल्या खेपेला एका नाण्यानं साक्ष दिली. आज दुसरं देईल. मग भगिनी अल्बीना ओझं उतरवेल." त्यानं एका डब्याचं झाकण उघडलं, गुंडाळी फोडली आणि एक नाणं उचललं.

अल्बीना बघत होती. त्यानं ते दोन बोटांत धरलं होतं, कडांनी. नाण्यावरच्या चेहऱ्याला बोट न लागू देता उजेडाकडे तिरपं केलं, त्यावर छापलेल्या सालाकडे पाहिलं, उलटवलं, टांकसाळीचं एक बारीक अक्षर न्याहाळलं. मग अलगद परत ठेवून दुसरं घेतलं. तेही तसंच पाहून ठेवून दिलं. तिसऱ्यावर चरा होता. ते मात्र त्यानं मुठीत दाबलं आणि रुमालाकडे हात नेला.

अल्बीनाला आठवलं. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात तिनं कौतुकानं एक नाणं अंगठ्यानं दाबून धरलं होतं, तेव्हा एमिल दोन दिवस बोलला नव्हता. कोऱ्या नाण्यावर बोटाचा ठसा उमटला की त्याची किंमत गेली. ते कडेनंच धरायचं. हे नाण्यांच्या वेडानं झपाटलेल्याला नाहीतर नाण्यांच्या व्यापाऱ्यालाच ठाऊक. आणि हा म्हणे अडाणी. चांगली दोन बाजूला ठेवून खराब तेवढं काळं करायला निघालेला अडाणी.

ती उठली.

"थांबा," ती म्हणाली. "ते नको. पहिलं पाहिलंत ना, ते घ्या."

लॅराबी हसला. "भगिनी, सगळी सारखीच."

"सारखी आहेत तर तेच घ्या."

"निवड माझी नसते. हाताला जे लागतं, ते."

"हाताला तर ते पहिलं लागलं होतं. का ठेवलंत?"

दारापाशी उभा असलेला लॅम्बर्ट स्टास्नी ओरडला, "अल्बीनाकाकू, उगाच फाटे फोडू नका. माझे शेअर बुडालेत. करू दे त्याला काय करायचं ते." बऱ्याच माना हलल्या. दोन धटिंगण गडी टेबलाजवळ सरकले. अल्बीनाला वाटलं, आता आपल्याला धरून बसवतील.

तिनं मागे वळून पाहिलं. दुसऱ्या रांगेत मार्सी होलेचेकच्या मांडीवर तीन महिन्यांचं बाळ होतं. बारशाला आजीनं घातलेलं चांदीचं कडं त्याच्या मनगटात होतं.

"मार्सी, ते कडं दे."

"काकू, पण..."

"दे गं. काळं झालं तर मी स्वतः घासून देईन."

मार्सीनं नवऱ्याकडे पाहिलं, मग डब्यांकडे पाहिलं, आणि कडं काढून दिलं. अल्बीना व्यासपीठावर चढली. लॅराबीनं रुमाल खिशात घालायला हात मागे घेतला, पण व्यासपीठाच्या दुसऱ्या बाजूच्या पायऱ्या चढून व्हर्ना त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली होती. तिनं रुमाल अलगद ओढून घेतला.

"ओला आहे," व्हर्ना म्हणाली. "आणि हुंगा जरा. वरून पेपरमिंट, खाली सडकं अंडं."

अल्बीनानं कडं रुमालात गुंडाळलं आणि घट्ट दाबून धरलं. प्रार्थना काही तिनं म्हटली नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभी राहिली. सेकंदाचा काटा पूर्ण फिरायला एवढा वेळ लागतो हे तिला आजवर माहीत नव्हतं. मग तिनं रुमाल उघडला आणि कडं वर धरलं.

काळंकुट्ट.

"या पोरानं काय चोरलं?" तिनं विचारलं.

"आदिपाप," लॅराबी चटकन म्हणाला. "प्रत्येक जीव पापातच जन्मतो, भगिनी."

"मग प्रत्येकाचीच चांदी काळी पडणार. तुमच्या आईचा चमचासुद्धा. माझ्या एमिललाच तेवढा चोर का ठरवलंत?"

लॅराबी घंटेबद्दल काही बोलू लागला, पण लोक आता त्याच्याकडे पाहत नव्हते. रुमाल पहिल्या रांगेतून फिरत होता आणि प्रत्येक जण नाक मुरडत होता. व्हर्नानं वर्गात सांगावं तसं सांगितलं: सोनाराकडे गंधकाचं एक मिश्रण मिळतं, दागिन्यांच्या नक्षीत काळपट छटा आणायला. ते पाण्यात विरघळवायचं, रुमाल भिजवायचा. हाताची ऊब मिळाली की काम आणखी लवकर होतं. वास दडवायला पेपरमिंट. "येत्या बुधवारी शाळेत या, मी तुमच्यासमोर दहा चमचे काळे करून दाखवते. मला देवदूत लागत नाही."

कुणीतरी शेरिफला फोन करायला गेलं. स्टास्नी दारातच उभा होता, पण आता लॅराबीचा बाहेरचा रस्ता अडवून.

अल्बीना अजून व्यासपीठावरच होती. तिचा आवाज खणखणीत निघाला.

"ही नाणी कुठून आली ते मला ठाऊक होतं. दर दुसऱ्या शुक्रवारी एमिल पगारातून दहा डॉलरची एक गुंडाळी विकत घ्यायचा. त्या आठवड्यांत आम्ही कोबी आणि बटाटे खाल्ले. मी शिजवले, मीच खाल्ले. तेरा वर्षं. तरी या माणसानं रुमाल उघडला आणि मी माझंच खाल्लेलं विसरले. त्यानं मला फसवलं याचं मला एवढं वाटत नाही. मी एमिलवर संशय घेतला, याचं वाटतं."

स्टास्नी जमिनीकडे पाहत होता.

"चांदीला पाप कळत नाही. तिला फक्त गंधक कळतं. एखाद्यानं चोरी केली की नाही, हे त्याच्याबरोबर काम केलेल्यांना विचारा, कागद तपासा, त्याच्या बायकोला विचारा. मला एकानंही विचारलं नाही. मीसुद्धा स्वतःला विचारलं नाही." तिनं डब्यांची झाकणं एकेक करून दाबून बसवली. "उद्या व्हर्ना आणि मी लिंकन शहरात जाणार. नाण्यांच्या तीन दुकानांत दाखवू, तिघांचा भाव घेऊ आणि माझ्यासमोर विकू. घंटाबिंटा नाही. माझं म्हातारपण आहे ते."

मग ती लॅम्बर्ट स्टास्नीकडे वळून म्हणाली, "लॅम्बर्ट, नऊ डबे जड आहेत. गाडीपर्यंत न्यायला हात लाव."

त्यानं टोपी काढली आणि तो पुढे आला.