कोळमीवरचं पाणी

कायतान माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून ठेवते. तोंड मात्र फाटकं. माझंही तोंड काही शिवलेलं नाही, त्यामुळे भांडण व्हायचंच होतं तर ते माझं आणि त्याचं व्हायला हवं होतं. तासाभरात मिटलंही असतं. पण भांडले कोण, तर आमचे हे! सबंध दिवसात 'भाकरी वाढ' आणि 'म्हशीक पाणी दाखव' याशिवाय ज्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, ते.

कोरगावात आमचं आणि कायतानचं कुंपणाला कुंपण. कुंपण आपलं नावाला. मध्ये एक मोठा खडक आहे आणि त्या खडकात खोदलेली कोळमी, म्हणजे काजूची बोंडं पायांनी तुडवून रस काढायची खाच. अर्धी त्यांच्या हद्दीत, अर्धी आमच्या. दोघांच्या आजोबांनी मिळून खोदलेली. दर वर्षी आमचे हे आत उतरून तुडवायचे आणि कायतान भट्टी सांभाळायचा. उतरण्याआधी पाय स्वच्छ धुवायचे, आणि उतरणाऱ्याच्या पायांवर पाणी दुसऱ्यानं घालायचं, ही पद्धत. कायतान तांब्याच्या कळशीतून पाणी ओतायचा आणि दर वर्षी तीच मस्करी करायचा, "गुरुदास, रेड्याचे पाय रे तुझे! म्हणान आमची फेणी कडक होता."

मग ते वर्ष आलं. कोकणी की मराठी, यावरून सगळा गोवा पेटला होता. सगुणच्या दुकानापुढे संध्याकाळी माणसं जमायची आणि रोज कोणीतरी कोणाचा तरी उद्धार करायचं. अशाच एका संध्याकाळी ह्यांनी मराठीच्या बाजूनं नुसती मान हलवली, तसा कायतान तापला आणि चारचौघांत ह्यांना म्हणाला, "तू गप बस. तुझो आजो बांद्यासून पोट भरूक इलो. परत जा थंय! ह्या गावात तुका बोलूचो हक्क नाय."

बांदा म्हणजे हद्दीपलीकडचं, महाराष्ट्रातलं गाव. ह्यांचा चेहरा पार उतरला. आणि मग आमचे हे, मुखदुर्बळ माणूस, बोलून गेले, "पाखल्यांचां उष्टां खाऊन वाढलंस, आणि माका गाव शिकवतंस?" पाखले म्हणजे पोर्तुगीज.

झालं. दोन घरांतली वाट बंद. नाताळात पियेदादकडून, म्हणजे कायतानच्या बायकोकडून, दोदोल आणि नेवऱ्यांचं, गोडाधोडाचं ताट आलं नाही. मी रडले, खोटं कशाला बोलू? काजूचा हंगाम सुरू झाला तरी कोळमी कोरडीच. बोंडं झाडाखाली कुसू लागली आणि दोघं बाप्ये आपापल्या पडवीत बसून एकमेकांचे कुसके बोंडू मोजायला लागले. जळली मेली ती भाषा, आणि जळला मेला तो हट्ट!

ख्रिस्तांवांचे उपासाचे दिवस संपत आले तेव्हा पियेदाद आली. पदराखाली गरम पाव.

"प्रभावती, माझ्या घोवाचां काय खरां नाय गे," ती म्हणाली. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी पाद्री बारा पुरुषांचे पाय धुतो. त्यांच्या येशूनं आपल्या शिष्यांचे धुतले होते, म्हणून. त्या बारांत यंदा पहिल्यांदाच कायतानची निवड झाली होती. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली, ते दारात आलं होतं. पण त्याआधी पापं कबूल करायची असतात, त्याला कुमसार म्हणतात. तिथं कायताननं सगुणच्या दुकानापुढची गोष्ट सांगितली. पाद्री म्हणाला, आधी शेजाऱ्याशी समेट कर, मग ये. तो माफ करील तेव्हाच तू बारांत बस.

"म्हणान पाव घेऊन तू इलंस?" मी विचारलं.

"तो म्हणता, तू जाऊन बोल."

माझं डोकंच फिरलं. पाव मी ठेवून घेतले, पावांशी माझं काय भांडण? पण म्हटलं, "सांग तुझ्या घोवाक. शब्द त्याणां चारचौघांत टाकलो, तो बायलेच्या पदराआडसून उचलूक गावाचो नाय."

पियेदाद रागावली नाही. उलट हसली. म्हणाली, पाद्रीही असंच म्हणाला.

बुधवारी संध्याकाळी हे आणि मी सगुणच्या दुकानात मीठ घ्यायला गेलो. कायतान आला. इस्त्रीचा शर्ट घालून. दुकानापुढे त्या दिवशीचीच माणसं बसली होती. तो उभा राहिला, घसा खाकरला आणि म्हणाला, "हंयसरच मी म्हटलंय, गुरुदास भायलो, ह्या गावचो नाय. ता खोटां. त्याच्या आणि माझ्या आज्यान एक खडक फोडलो. तो भायलो तर मी पण भायलो. चुकलंय मी. गुरुदास, माका माफ कर."

आणि आमच्या ह्यांनी काय करावं? मिठाची पुडी उचलली आणि चालायला लागले!

वाटेत मी ह्यांना सोडलं नाही. "अहो, तुमी माणूस की धोंडो? उद्या त्या बिचाऱ्याचो दिवस!"

"ऐकलंय मी," एवढंच बोलले.

गुरुवारी सकाळी बघते तर हे अंथरुणात नाहीत. मागच्या दारी गेले. हे कोळमीच्या काठावर धोतर खोचून उभे, बाजूला बोंडांच्या टोपल्या. आणि कायतानच्या घराकडे तोंड करून ओरडले, "रे कायतान! पाणी कोण घालतलो? तुझो पाद्री?"

कायतान कळशी घेऊन धावत आला. अर्धं पाणी वाटेतच सांडलं. दर वर्षी तो उभ्यानं ओतायचा, त्या दिवशी गुडघ्यावर बसला आणि हातांनी पाय चोळायला लागला. मस्करी केली नाही.

"कायतान," हे म्हणाले, "कुमसाराक जातलंस, तेव्हा माझां पण एक सांग पाद्रीक. ता पाखल्यांचां."

"दुसऱ्याचां पाप सांगूक जमणा नाय रे आमच्यात. ज्याचां तेणांच सांगूचां."

"मगे मी खंय जाऊ?"

"माका सांग."

हे खडकावर खाली बसले. मग म्हणाले, "तुका मी उष्टां म्हटलंय. ल्हानपणी आमच्या आवयचो डोळो चुकवून तुझ्या आवयच्या हातची पेज खाल्लंय मी. तुझ्याच वाटयेतली. उष्टां खाऊन वाढलो तो मी."

मी पदर डोळ्यांना लावला. कायताननंही नाक शर्टाला पुसलं. "माका ठावक आसा," तो म्हणाला. "ती पेज माझी होती. उपाशी मी ऱ्हवलंय!" आणि दोघं असे हसले की झाडावरचे कावळे उडाले. मग ह्यांनी त्याच्या हातातली कळशी घेतली आणि म्हणाले, "आता तू पाय पुढे कर."

संध्याकाळी आम्ही चर्चच्या दारात उभी होतो. बारा पुरुष ओळीनं बसलेले. पाद्री कायतानपुढे वाकला, त्याचं पाऊल हातात घेतलं आणि पाणी घातलं. कायतानचे डोळे वाहत होते.

हे माझ्या कानाशी वाकले. "त्या पाद्रीक कोणीतरी सांगा गे, जास्त घासू नको म्हणान," ते म्हणाले. "सकाळीच धुतलंय मी."