बधिर बोटं

चर्चच्या तिजोरीखोलीचं लोखंडी दार लागलं तेव्हा कुलूपवाले काका बाहेर होते आणि काकू आत. उलटं असतं तर काकूंनी भिंत फोडून नवरा काढला असता; पण दैव कधी सोयीचं वागतं का?

प्रभुभोजनाचे प्याले घासायला त्या आत गेल्या, कालपासून उघडंच राहिलेलं जड दार मागे सरकलं आणि खटका पडला. खिडकी नाही, झरोका नाही. हवा जेमतेम कपाटभर.

फादरांनी दारावरची तबकडी फिरवून आकडे जुळवले. दार ढिम्म.

"काल तुम्हीच आकडे बदललेत ना, काका?"

"हो तर," काका म्हणाले.

चर्चच्या मंडळीत प्रत्येकाला देवाने दिलेलं काही ना काही कृपादान होतं. काकांच्या बोटांत म्हणे पवित्र आत्म्याने कान बसवले होते. एकदा त्यांनी गल्लीत नुसती बोटं मोडली, तर तीन घरांची कुलपं उघडली. चौथं वाचलं, कारण त्याला कुलूपच नव्हतं. दर रविवारी काका उठून याची साक्ष द्यायचे. गेली दोन वर्षं मात्र बोटं बधिर होती आणि साक्ष तीच. काल आकडे बदलताना कुलपाच्या आतली चकती नेमकी कुठे बसली, हे त्यांना कळलंच नव्हतं.

आतून एक ठोका आला. बऱ्याच वेळाने दुसरा.

"लावा की हात!" शिवणकाम करणारी मावशी ओरडली. "मुहूर्त बघताय का?"

काकांनी हात लावला. चकती फिरतेय की डोकं, समजेना. तिसरा ठोका आलाच नाही.

"मला काही कळत नाही," काका म्हणाले. "दोन वर्षं झाली. बोटं मेलीत माझी. तुमच्यापुढे खोटं बोलत आलो."

आता दगड पडणार, म्हणून त्यांनी मान खाली घातली. मावशीने त्यांना कोपराने बाजूला सारलं.

"बोटं माझी घ्या. कसं फिरवू तेवढं सांगा."

आंधळ्या ऑर्गनवाल्याने दाराला कान लावला. "गप्प बसा सगळे. फादर, तुम्हीसुद्धा. प्रार्थना मनात."

"उजवीकडे, केसभर," काका म्हणाले.

"घासतंय," ऑर्गनवाला.

"अडलं," मावशी.

"आता उलटं. हळू!"

काकांनी मावशीच्या खांद्यावर हात ठेवला, फादरांनी काकांच्या, आणि असं करत जमलेल्या चाळीस जणांची साखळी पार फाटकापर्यंत गेली. मग चकती हलली, ती काकांना छातीत जाणवली. एकट्या काकांना नव्हे; चाळीसच्या चाळीस छात्यांत एकदमच खट्ट झालं. शेवटच्या बाकावर डुलकी घेणारा तर छाती धरून उठला. खोटं वाटत असेल तर त्याला विचारा.

दार उघडलं. काकू पांढऱ्याफटक, घामाने निथळत काकांच्या अंगावर कोसळल्या.

"अगं, माझी बोटं..." काकांना हुंदका आवरेना.

"माहीत आहे," काकू धापा टाकत म्हणाल्या. "दोन वर्षं तुमच्या शर्टाची बटणं लावतेय मी. तुम्हाला काय वाटलं, लाडात आलात असं समजले मी?"