साडेआठची सिरीयल

मोखाड्याच्या तहसील कार्यालयात उज्ज्वला आवक-जावकच्या टेबलावर बसायची. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, नंबर टाकायचा आणि पुढच्या टेबलाकडे पाठवायचा. विक्रमगडहून बदली होऊन आली तेव्हा तिनं मोखाड्यातच खोली बघितली होती, पण घरमालकीण फार चौकशा करायला लागली. मिस्टर कुठे असतात, मुलं किती, माहेरी कोण आहे. लग्नानंतर दोन वर्षांत परत आलेल्या बाईला या प्रश्नांची तोंडपाठ उत्तरं असतात, पण सत्तेचाळिसाव्या वर्षी ती द्यायचाही कंटाळा येतो. शेवटी तिनं जव्हारला एसटी स्टँडमागे खोली घेतली. तिथला मालक नाशिकला राहायचा, त्यामुळे विचारायला कोणी नव्हतं.

रोज पावणेनऊला ती लक्ष्याच्या जीपमध्ये बसायची. पहिले दोन महिने ती कोणाशी बोलली नाही. मग एक दिवस मागच्या सीटवरची मुलगी मोबाईलवर आदल्या दिवशीचा एपिसोड बघत होती, त्याचा आवाज सगळ्या गाडीत येत होता. उज्ज्वलाच्या शेजारच्या बाई कान देऊन ऐकत होत्या. मुलीचं नेटवर्क गेलं आणि आवाज तुटला, तशा त्या उज्ज्वलाकडे वळल्या.

"तुम्ही बघता का हो ही, साडेआठची?"

"बघते."

"मग माईसाहेब दारात केतकीला नेमकं काय म्हणाल्या काल?"

उज्ज्वलानं सांगितलं. या घराचा उंबरा ओलांडलास तर माझं तोंड बघू नकोस, असं म्हणाल्या.

"असं म्हणाल्या?" बाई विचारात पडल्या. "पण तोंडावरनं तर वाटलं की थांब म्हणतायत."

त्या जयवंतीताई. पंचायत समितीत अंगणवाड्यांच्या सुपरवायझर होत्या. बारीक अंगाच्या, पांढरे केस घट्ट बांधलेले, मांडीवर डब्याची पिशवी. त्या दिवसापासून पुढची तीन वर्षं मधल्या सीटवर उज्ज्वलाच्या शेजारची जागा त्यांची झाली. त्यांना उशीर झाला तर लक्ष्यासुद्धा ती जागा दुसऱ्याला देत नसे.

जव्हार ते मोखाडा पाऊण-एक तास लागतो. तेवढ्या वेळात आदल्या संध्याकाळचा एपिसोड बाहेर काढायचा. उज्ज्वला कोण काय बोललं ते सांगायची आणि जयवंतीताई त्यावर निवाडा द्यायच्या. दोघींचं क्वचितच जमायचं.

"मी केतकीच्या जागी असते तर त्याच दिवशी बॅग भरली असती," उज्ज्वला म्हणायची.

"आणि गेला असतात कुठे?"

"कुठेही."

"कुठेही म्हणजे? सिरीयलमध्ये बरं असतं. बाई घराबाहेर पडली की पुढच्या सीनला मैत्रिणीचा फ्लॅट हजर. आपल्याला कोण देतंय फ्लॅट?"

शंतनूवरून तर रोज वाद व्हायचा. उज्ज्वलाला केतकीचा तो नवरा अजिबात आवडायचा नाही. आईपुढे तोंड उघडत नाही, बायकोची बाजू घेत नाही. जयवंतीताई म्हणायच्या, "वाईट नाही हो तो. थकलाय. त्याचे खांदे बघा जरा." आणि उज्ज्वला संध्याकाळी खरंच त्याचे खांदे बघायची.

मधे शंतनूला अपघात झाला आणि तो सोळा एपिसोड अंथरुणावर पडून राहिला. केतकी रेशमी साडी नेसून, गजरा माळून त्याला चमच्यानं सूप पाजायची. त्यावर जयवंतीताई इतक्या हसल्या की लक्ष्यानं आरशातून मागे बघितलं. "आडव्या माणसाला असं पाजतात? ठसका लागून मरेल तो! आधी उशी घालून बसता करायचा, हनुवटी खाली धरायची, मग चमचा. आणि कूस कोण बदलतंय त्याची? साडीला एक चुणी नाही बयेच्या." उज्ज्वलाही हसली. अंगणवाडीवाल्या बाईंना आजारपणातलं ठाऊक असणारच, असं तिला वाटलं.

तीन वर्षांत जयवंतीताईंनी तिला नवरा कुठे असतो हे एकदाही विचारलं नाही. तिनंही त्यांना काही विचारलं नाही. एकमेकींचे फोन नंबरही नव्हते. रोज भेटणाऱ्या माणसाचा नंबर कशाला लागतो?

डिसेंबरच्या एक तारखेला जयवंतीताई आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाहीत. चौथ्या दिवशी लक्ष्यानं त्या जागेवर भाजीची पाटी घेतलेल्या बाईला बसवलं.

"अरे, ताई येतील ना," उज्ज्वला म्हणाली.

"कोण, सुपरवायझर मॅडम?" लक्ष्या म्हणाला. "त्या रिटायर झाल्या ना. तीस तारखेला शेवटचा दिवस होता. तुम्हाला नाही बोलल्या?"

त्या पाऊण तासात उज्ज्वलानं खिडकीबाहेर बघितलं खरं, पण काय दिसलं ते तिला सांगता आलं नसतं. तीस तारखेला त्या नेहमीसारख्याच उतरल्या होत्या. माईसाहेबांनी लपवलेली चिठ्ठी केतकीला सापडणार की नाही यावर बोलल्या होत्या. "बघू उद्या," असंही म्हणाल्या होत्या.

दुपारी ती पंचायत समितीत गेली. तिथला क्लार्क नीलेश म्हणाला, "आम्ही निरोपाचा कार्यक्रम ठेवला होता, पण मॅडमनी नको म्हणून सांगितलं. घरी जायची घाई असायची त्यांना नेहमी." जयवंतीताईंचं घर जव्हारमध्येच होतं, शिरपामाळच्या रस्त्याला. उज्ज्वलाच्या खोलीपासून चालत वीस मिनिटं.

पुढचे दहा दिवस ती साडेआठला टीव्ही लावत होती. चिठ्ठी सापडली, पण केतकीनं ती न वाचताच जाळली. इतका मूर्खपणा उज्ज्वलानं कधी बघितला नव्हता आणि तो सांगायला जवळ कोणी नव्हतं. तिनं नाशिकला भावाला, भावेशला, फोन केला. तो म्हणाला, "ताई, मॅच चालू आहे, नंतर बोलू का?" तिनं बरं म्हटलं. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं, तर ती हसून म्हणाली, "मॅडम, तुम्ही अजून त्या सिरीयली बघता?"

रविवारी दुपारी उज्ज्वला अर्धा किलो पेरू घेऊन शिरपामाळच्या रस्त्यानं निघाली. विचारत विचारत घर सापडलं. दार उघडंच होतं.

पुढच्या खोलीत लोखंडी पलंगावर एक माणूस पडलेला होता. अंगानं मोठा, पण आत काहीच नसल्यासारखा. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात उशीवर नुसता ठेवलेला. पायथ्याशी टीव्ही चालू होता, आवाज पूर्ण बंद. जयवंतीताई पाठमोऱ्या बसून त्याच्या पाठीला पावडर लावत होत्या. त्यांनी वळून बघितलं, पण त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आला नाही.

"तुम्ही कशा आलात?"

"सहज," उज्ज्वला म्हणाली.

त्यांनी आधी नवऱ्याची कूस बदलली, चादर नीट केली, हात धुतले, मग चहा ठेवला. दोघी स्वयंपाकघरात खाली बसल्या.

"सहा वर्षं झाली," जयवंतीताई म्हणाल्या. "हेमराज नाव त्यांचं. मास्तर होते. अर्धांगवायूचा झटका आला. मी ड्युटीवर असले की सकू यायची, पाड्यावरची. आता मी घरी असते, मग तिचं काय काम?"

"टीव्हीचा आवाज बंद का?"

"आवाज झाला की दचकतात, रडायला लागतात. चित्र मात्र हलतं पाहिजे. म्हणून मी तशीच बघायची. कोण काय बोललं ते सकाळी तुमच्याकडून कळायचं."

चहावर साय धरली.

"मला एकदा तरी सांगायचं होतंत, ताई."

"सांगितलं असतं तर तुम्ही रोज विचारलं असतं," जयवंतीताई शांतपणे म्हणाल्या. "ऑफिसात गेलं की विचारतात, बाजारात विचारतात, भाऊ फोन करतो तोही तेच विचारतो. मास्तर कसे आहेत. मी म्हणते, आहेत तसेच. तुमच्याजवळ बसलं की केतकी आणि शंतनू. दिवसातला तेवढाच वेळ मला कोणी काही विचारत नव्हतं."

"मी नाही विचारणार."

"आता विचाराल. बघितलंत ना."

तरी निघताना त्यांनी नंबर दिला. रोज नऊ वाजता, एपिसोड संपला की उज्ज्वलानं फोन करायचा असं ठरलं. पहिले चार दिवस छान गेले. केतकीनं जाळला तो कागद म्हणजे तीच चिठ्ठी होती हे ऐकून जयवंतीताई खूप चिडल्या, "अगं, वाचून तरी जाळायची!" असं ओरडल्या आणि मग त्यांनी आवाज खाली आणला. पाचव्या दिवशी उज्ज्वलाच्या तोंडून निघून गेलं, "आज मास्तरांची तब्येत बरी आहे ना?"

"आहे तशीच," पलीकडून उत्तर आलं.

त्यानंतर तिनं खूप सांभाळलं, पण जमत नव्हतं. प्रश्न विचारला नाही तरी तो आवाजात यायचा. हसताना ती मधेच थांबायची. शंतनूचा विषय आला की जपून बोलायची, त्याला नावं ठेवायची नाही. एकदा जयवंतीताई म्हणाल्या, "भांडा ना माझ्याशी. आधी कशा भांडायचात." उज्ज्वला भांडायला लागली, पण ते खोटं वाटलं, दोघींनाही. संक्रांतीनंतर जयवंतीताईंनी फोन उचलणं बंद केलं.

मग उज्ज्वला व्हॉइस मेसेज पाठवायला लागली. त्यात ख्यालीखुशाली नसायची, फक्त एपिसोड. माईसाहेब काय म्हणाल्या, त्यावर केतकी काय म्हणाली, मग तिचं स्वतःचं मत. जयवंतीताई ते ऐकायच्या, निळ्या खुणा व्हायच्या. उत्तर मात्र यायचं नाही. सिरीयल मार्चमध्ये संपली. सगळ्यांनी सगळ्यांना माफ केलं, माईसाहेबांनी केतकीच्या हातात चाव्या दिल्या. उज्ज्वलानं त्यावर सात मिनिटांचा मेसेज केला आणि शेवटी म्हणाली, "ताई, मला काही हा शेवट पटलेला नाही." दुसऱ्या दिवसापासून साडेआठला नवीन सिरीयल सुरू झाली. तिनं ती दहा मिनिटं बघितली आणि टीव्ही बंद केला.

एप्रिलमध्ये लक्ष्यानंच गाडीत सांगितलं, मास्तर गेले. उज्ज्वला संध्याकाळी भेटायला गेली. घर माणसांनी भरलं होतं. जो तो जयवंतीताईंना विचारत होता, कसं झालं, किती वाजता, काही बोलले का. त्या प्रत्येकाला तेच तेच सांगत होत्या. उज्ज्वला भिंतीला टेकून तासभर बसली. तिनं काहीही विचारलं नाही. उठताना जयवंतीताईंच्या हातावर हात ठेवला आणि बाहेर पडली.

तेरावा झाल्यावर तीन-चार दिवसांनी संध्याकाळी सातला तिचा फोन वाजला.

"पाहुणे गेले सगळे," जयवंतीताई म्हणाल्या. "आता कोणी काही विचारत नाही."

उज्ज्वलानं सवयीनं सिरीयलचाच विषय काढला. "नवीन सुरू झालीय ताई, साडेआठला. मी नीट बघितली नाही, पण..."

"सिरीयल राहू द्या. तुमचं सांगा."

"माझं?"

"तीन वर्षं शेजारी बसलो. तुमचं काहीच माहीत नाही मला. काहीही सांगा."

उज्ज्वला पलंगाच्या कडेवर बसली. सांगायला हवं तर लग्नापासून सांगावं लागलं असतं. ती उत्तरं तोंडपाठ होती, पण ती घरमालकिणींसाठी होती. तिनं खोलीभर नजर फिरवली.

"दोडक्याची भाजी केली होती सकाळी," ती म्हणाली. "खारट झाली."

"मग?"

"मग पाणी घालून खाल्ली."

"दोडक्याला मीठ कमीच लागतं," जयवंतीताई म्हणाल्या. "शिजला की तो एवढासा होतो. अजून?"

उज्ज्वलानं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि अजून काय सांगता येईल याचा विचार करू लागली. पलीकडे जयवंतीताई थांबल्या होत्या.