राहीचं दुसरं बाळंतपण

माझी थोरली बहीण राही पहिल्या खेपेला मुंबईच्या एका इस्पितळात बाळंत झाली. तिथं तिचे पाय पट्ट्यांनी बांधले होते. कळ आली की ओरडू नको म्हणून दटावत, आणि जवळ मायेचं कुणीच नव्हतं. म्हणून १९८४ साली दुसऱ्या खेपेला ती दाभोळजवळ माहेरी आली ती ठरवूनच. "मथुराकाकीच्या हातानं घरीच होऊ दे," म्हणाली.

मथुराकाकी गावची सुईण. सकाळी कळा सुरू झाल्या तशी ती आली, राहीचं पोट दोन्ही हातांनी पुन्हा पुन्हा चाचपलं.

"पोर आडवं हाय गो. ह्ये माज्या हातचं काम नाय. दवाखान्यात जाऊया."

राही रडायलाच लागली. "परत बांधून घालतील मला!"

"मी हाय ना संगती. तुला सोडून हलायची नाय."

गावातल्या महिपतशेटच्या जीपमधून आम्ही तालुक्याच्या दवाखान्यात पोचलो. बाळंतपणाच्या खोलीच्या दारात नर्सनं काकीला अडवलं. "बाहेरच्यांना आत सोडत नाही."

काकी जागची हलली नाही. "मग डॉक्टरीणबायना सांगा, पोराचं डोकं डाव्या कुशीला हाय. पाणी अजून गेलं नाय. जायच्या आधी बघा म्हणावं, मागनं पोर फिरायचं नाय."

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. राहीला तपासून त्या दाराशी आल्या. "अगदी बरोबर सांगितलंत. या आत."

मला दाराच्या फटीतून दिसत होतं. ऑपरेशनची तयारी ठेवून त्यांनी पोटावरूनच बाळ हळूहळू फिरवलं. काकी उशाशी बसून राहीला अंग सैल सोडायला सांगत होती. डोकं खाली आलं तेव्हा डॉक्टरीणबाईंचा चेहरा घामानं भिजला होता.

नर्स राहीला टेबलावर उताणं झोपवायला लागली. राही म्हणाली, "नको. मला बसू द्या."

"आम्हाला असं शिकवलेलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मी धरते तिला पाठीमागनं," काकी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी राहीकडे पाहिलं आणि नर्सला फरशीवर चादर अंथरायला लावली. दुपारी काकीच्या छातीला टेकून, उकिडवी बसून, राहीनं मुलीला जन्म दिला. डॉक्टरीणबाईंनी गुडघे टेकून तिला झेललं. मुलगी लगेच रडली. राही मात्र हसत होती. असं हसताना मी तिला लग्नानंतर पाहिलंच नव्हतं.

त्या डॉक्टरीणबाई पुढे तीन वर्षं तिथं होत्या. तोवर काकी ज्या बाईला घेऊन जाई, तिच्याबरोबर आत जात असे. दारात अडवणारी ती नर्स आता स्वतः काकीपुढे हात धुवायला साबण धरायची.