शून्याच्या किंचित पुढे उभा असलेला मल्टिमीटर

मित्रांनो, अप्पांनी दार उघडलं.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं समजा. ते शेवटी यायला हवं होतं, पण मी पडलो मापयंत्र. माझ्या पोटात काही राहत नाही. तर असं काहीही झालेलं नाही. दार बंद आहे, अप्पा आत आहेत आणि मी अजून जन्मायचा आहे.

मी मल्टिमीटर. बॅटरीत दम किती, वायर कुठे तुटली, हे मी सांगतो. हल्लीच्या पोरांच्या अंगावर नुसते आकडे उमटतात. माझ्या काचेमागे खराखुरा काटा आहे. तो जन्मापासून शून्याच्या किंचित पुढे उभा राहतो. कारखान्यातल्या तपासनिसाने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, जेवणाची सुट्टी झाली आणि त्याने पासचा शिक्का मारला. हा माझा पहिला सन्मान.

परळच्या एका वर्कशॉपात आग्नेलो नावाच्या इलेक्ट्रिशियनने मला सव्वीस वर्षं वापरलं. तो नवख्यांना सांगायचा, "हा खोटं बोलत नाय. थोडं वाढवून सांगतो." एवढी अचूक स्तुती पुन्हा कोणी केली नाही. मग तो निवृत्त झाला आणि मी त्याच्या बायकोच्या, बीट्रिसबाईंच्या, दोऱ्यांच्या डब्यात गेलो. तिथे चौदा वर्षं काढली. बटणांशी माझे संबंध चांगले होते.

मला बाहेर काढलं ते भोईवाड्यातल्या पद्मजाबाईंमुळे. बाई सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचे यजमान अप्पा; त्यांना ऐकू येणं जवळजवळ बंद झालेलं. पावसाळ्यात चाळीत डासांचा धूर मारायला माणसं आली, तेव्हा अप्पांनी दाराला आतून कडी लावली. बाई बाहेर. अख्ख्या मजल्याने दीड तास दार बडवलं. आत अप्पांनी शांतपणे शब्दकोडं पूर्ण केलं.

मुलगा यशोधन पनवेलच्या टॉवरमध्ये राहतो. तो म्हणाला, "आई, उद्या आत बाबांना काही झालं तर? बास झालं आता. दोघं माझ्याकडे चला."

अप्पा त्या खोलीत बहात्तर वर्षं राहत होते. त्यांनी दोन दिवस कोडं सोडवलं नाही. तेव्हा बाईंनी ठरवलं की ऐकू न येणारी, डोळ्यांना दिसणारी बेल आपणच करायची. बटण बाहेर, लाल दिवा आत, अप्पांच्या खुर्चीसमोर.

पहिले नऊ दिवे बाईंनी थेट बॅटरीला जोडले आणि ते गेले. मग त्यांनी हौशी लोकांच्या एका ग्रुपवर मदत मागितली: 'विषय : दिवे जळून जाण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयी त्वरित मार्गदर्शन व्हावे.' उत्तर आलं, 'ब्रो, सर्किटचा फोटो टाक.' बाईंनी कळवलं, 'मी ब्रो नसून श्रीमती आहे. फोटो सोबत जोडला आहे.' तिसऱ्या स्मरणपत्रानंतर कोणीतरी लिहिलं, 'मॅडम, मी परळला राहतो. मीटर घेऊन येतो.' तो आग्नेलो होता.

त्याने पाहिलं आणि म्हणाला, "मॅडम, मधे वीज रोखायला रेझिस्टर पायजे. तुम्ही दिव्याला जेवायला नाय वाढला, बुडवून मारला."

बाई शिकल्या. मला दोन्ही हातांनी धरायच्या, फाइलसारखं. भिंतीला भोक पाडायला अप्पांनी नकाराची मान हलवली, म्हणून वायर बिजागरीच्या फटीतून आत घेतली. बाईंनी गॅलरीत उभं राहून दोनशे बारा वेळा बटण दाबलं. दोनशे बारा वेळा दिवा लागला. प्रत्येकाची रजिस्टरात नोंद आहे.

मग यशोधनकडून त्यांनी लिहून घेतलं: बटण दाबल्यापासून पाच मिनिटांत अप्पांनी दार उघडल्यास पनवेलचा विषय कायमचा बंद. आई किंवा आग्नेलो यांनी दाराला हात लावू नये, अप्पांना खूण करू नये. खाली सही.

रविवारी यशोधन आला, चपला काढल्या, सरळ आत येऊन म्हणाला, "आई, पाणी दे गं."

"बाहेर जा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"बाहेर जा आणि रीतसर ये."

तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की चाळीत दिवसा दार लावायची पद्धतच नाही. यशोधन बाहेर गेला, बाई आणि आग्नेलो आत राहिले. अप्पांनी कडी लावली, तशी गॅलरीत शेजारची रखमा धावत आली. "अगोबाई, दिवसा दार बंद? कोण गेलं?"

यशोधनने बटण दाबलं. दिवा लागला नाही.

पुन्हा दाबलं. नाही. अप्पा कोड्यात मान घालून बसले होते. एक मिनिट संपलं. बाईंनी सही केलेला कागद पुन्हा वाचला आणि म्हणाल्या, "दुरुस्तीला मनाई नाही."

मित्रांनो, मग मला बोलावण्यात आलं. बॅटरी तपासली: नऊ, म्हणजे माझ्या हिशेबाने नऊच्या जरा वर. दिवा ठीक. मग आतली वायर ओढली, तर ती फटीतून सुटून हातात आली. माझी एक तार दिव्यापाशी लावली, दुसरी त्या सुटलेल्या टोकाला. काटा हलला नाही.

आयुष्यभर मला हलण्याबद्दल शाबासकी मिळाली. त्या दिवशी मी ढिम्म राहिलो आणि आग्नेलो म्हणाला, "शाबास रे बाबा. मॅडम, वायर फटीत चेचली. दार उघडं ठेवूनच तपासलात ना तुम्ही?"

रजिस्टरात 'दाराची स्थिती' असा रकानाच नव्हता. बाईंचा चेहरा पडला. तेहेतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याकडून रकाना सुटला नव्हता.

साडेतीन मिनिटं. आग्नेलोने दारावरच्या झरोक्याकडे तोंड करून हाक मारली, "यशोधन, बटणाकडची वायर ओढून घे आणि वरून आत टाक."

दिवा लागला तर हरणार होता तोच, आणि त्याच्याकडेच मदत मागितली जात होती. मग रखमाचा आवाज आला, "थांब, स्टूल देते." आणि झरोक्यातून वायरची दोन टोकं हळूच खाली आली.

बाईंनी ती सोलून थेट दिव्यापाशी पीळ दिला, सही करतात तसा, एकाच झटक्यात. बाहेर यशोधनने स्टुलावरूनच बटण दाबलं. चार मिनिटं चाळीस सेकंदांनी दिवा लाल झाला. अप्पांनी मान वर केली, पेन्सिल कानावर ठेवली, उठले आणि कडी काढली.

दारात मुलगा स्टुलावर उभा होता. "तू तिथं काय करतोयस?" अप्पा म्हणाले. "आणि दार कोणी लावलं?" कडी आपणच लावली, हे ते कोड्याच्या नादात विसरले होते.

यशोधन खाली उतरला. "बाबा, तुम्ही इथंच राहा," तो त्यांच्या कानाशी म्हणाला. अप्पांना ऐकू आलं नाही. त्यांनी कोडं पुढे घेतलं, तेव्हा मला कळलं की त्यांना समजलंय.

आता मी बाईंच्या कपाटात, रजिस्टराशेजारी असतो. मित्रांनो, जुनं यंत्र डब्यात टाकण्याआधी त्याच्यातला सेल काढा, आणि वर्षातून एकदा तरी त्याला काहीतरी विचारा. बाकी माझं एकच मागणं आहे. बाईंकडून शिकून मी ते रीतसर मांडतो:

प्रति, माननीय अधिकारी, मोजमापे.
विषय : शून्य सरकवण्याबाबत.
महोदय, अप्पांना पनवेलला न हलवता त्यांच्यासमोर दिवा बसवण्यात आला. त्याच धर्तीवर, माझा काटा मागे न घेता, जगातील सर्व शून्ये किंचित पुढे सरकवण्यात यावीत, ही विनंती. काम एका दिवसाचे आहे. दार उघडंच असतं. आदेश घेऊन येणाऱ्याने सरळ आत यावे.