सोडायला दिलेले ससे

राजकुंवर मारवाडातून अमळनेरला सून होऊन आली त्याला जेमतेम तीन महिने झाले होते. साल एकोणीसशे पस्तीस-छत्तीसचं असेल. घरात माणसं तीन. सासरे महावीरजी पुढच्या दुकानात कापड मोजत बसत, नवरा भंवरलाल मालासाठी बऱ्हाणपूरकडे फिरत असे, आणि मागच्या घरात ती एकटी. सासू आधीच वारलेली. सासऱ्यांशी बोलायचं नाही, त्यांच्यासमोर घुंघट हनुवटीखाली ओढायचा, ही तिच्याकडची रीत. आणि गल्लीतल्या बायका बोलत ती अहिराणी तिला कळायची नाही. नवरा गावाला गेला की तिच्या तोंडून दिवसाकाठी चार शब्दही बाहेर पडत नसत.

जैनांचं पर्युषण संपून दोनच दिवस झाले होते. सकाळी भंवरलाल गाडीने गेला आणि दुपारी शेजारच्या वच्छलाबाई मागच्या दाराने आत आल्या. डोक्यावर गवताचा भारा, हातात जाळीचं खोकं. खोक्यात दोन ससे, एक पांढरी मादी आणि एक राखाडी नर. भुसावळच्या कुणा गोऱ्या साहेबाने विलायतेला परतताना ते वच्छलाबाईंच्या भावाला दिले होते. लेक धुळ्याला सासरी गेल्यापासून त्या विधवा बाईच्या घरात बोलायला तेवढेच दोन जीव होते. पण हे सगळं राजकुंवरला पुढे कळलं. त्या दिवशी तिला एवढंच दिसलं की बाई फार घाईत आहेत.

“धुळाले जास वं माय, पोरनं बाळतपन शे. ह्या ससा तुन्हाकडे सोडी जास. पंधरा दिनम्हा येस.”

मग त्यांनी खोक्याची कडी उघडून दाखवली, पांढरीला बाहेर काढून जमिनीवर ठेवलं, आणि परसाच्या कुंपणापलीकडे, ज्वारीच्या बांधाकडे बोट केलं. राजकुंवरच्या गालावरून हात फिरवला, डोळे पुसले आणि त्या निघूनही गेल्या.

राजकुंवरच्या हाती एकच शब्द लागला होता. सोडी. म्हणजे छोड. तिच्या माहेरी पर्युषणात पारध्याकडून तितर, पोपट विकत घेऊन सोडून देत. लहानपणी आई तिला कडेवर घेऊन तिच्याच हाताने पिंजरा उघडायला लावायची. म्हणजे वच्छलाकाकींना हे पुण्य करायचं होतं, आणि त्यासाठी त्यांनी जैनाचं घर निवडलं. पण मग स्वतःच का नाही सोडले? आणि एवढं गवत कशाला? वाटेत खायला? ससे काही शिदोरी बांधून जात नाहीत. तिला काही उमगेना. सासरे दहा पावलांवर बसले होते, पण त्यांना विचारायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने दोघांना उचलून बांधावर नेलं आणि खाली ठेवलं. “जाओ,” ती म्हणाली. ससे तिथेच बसले. तिने टाळ्या वाजवल्या, पाय आपटले. राखाड्याने कान खाजवला. पांढरी परत फिरली आणि तिच्या घागऱ्याच्या घेराशी येऊन टेकली. एवढ्यात गल्लीतलं एक कुत्रं वास घेत आलं, तसं तिने दोघांना घाईघाईने कवटाळलं आणि घर गाठलं.

रोज हेच. सकाळी न्यायचं, सोडायचं, राखण करत बसायचं, ऊन चढलं की परत आणायचं. मुक्त केलेला जीव जात का नाही? आपल्याच भावात काही खोट आहे का? की आपण रोज कोवळं गवत चारतो म्हणून? तिने एक दिवस गवत घातलं नाही, तर दोघे चुलीपर्यंत तिच्या मागे मागे आले. त्या दिवशी मात्र ती हसली, आणि हातातली भाकरी मोडून त्यांच्यापुढे टाकली.

अकराव्या दिवशी पांढरी गेली. बांधावर ठेवल्याबरोबर तिने नाक हलवलं आणि सरळ ज्वारीत शिरली. राजकुंवर दुपारपर्यंत बसून राहिली. ती आली नाही. एक तरी सुटली, असं म्हणून राजकुंवरने हात जोडले. आणि घरी आल्यावर कारण नसताना रडली.

पंधराव्या दिवशी वच्छलाबाई आल्या, नातू झाल्याच्या आनंदात. राजकुंवर धावत पुढे झाली. एक बोट वर करून, ज्वारीकडे हात करून, जमेल तशा शब्दांत अभिमानाने म्हणाली, “काकी, एक गई!”

“गयी? कोठे गयी?” वच्छलाबाई मटकन पायरीवर बसल्या. तोंडाला पदर लावला.

राजकुंवर गोंधळली. पंधरा दिवसांत एकच, म्हणून काकींना वाईट वाटलं असणार. तिने राखाड्याला उचललं आणि कुंपणाकडे पळाली. मागून वच्छलाबाई ओरडत आल्या, तिच्या हातातून ससा हिसकावून घेतला आणि पोटाशी धरला.

“तुले मी काय सांगं व्हतं, आनि तू काय करं!”

आरडाओरडा ऐकून महावीरजी मागच्या दारात आले. वच्छलाबाईंचं सगळं ऐकून घेतलं. मग सुनेकडे न पाहता, खांबाकडे तोंड करून ते मारवाडीत सावकाश म्हणाले, “बाईंनी ससे सांभाळायला ठेवले होते, बांधावरचं गवत आणून घालायला. सोडून द्यायला नाही.”

राजकुंवरने घुंघट आणखी खाली ओढला. सासरे पुन्हा खांबालाच म्हणाले, “सुनेचा दोष नाही. तिच्याशी बोलणारं घरात कोणी ठेवलं नाही, तो दोष माझा.” आणि ते दुकानात गेले.

दोन दिवस वच्छलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं नाही. राजकुंवरला जेवण जाईना. कुणाचं तरी लेकरू आपण हाताने रानात घालवलं. पण पांढरी गेली तेव्हा तिच्या उड्यांत काय हुरूप होता! ते पुण्य की पाप? भंवरलाल परत आला तेव्हा तिने त्याला विचारलं. त्याने बराच वेळ डोकं खाजवलं आणि वाढायला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाई परसात उभ्या राहिल्या. “चाल,” एवढंच म्हणाल्या. हा शब्द राजकुंवरला कळला. दोघींनी ज्वारीच्या ओळीन् ओळी पालथ्या घातल्या. “धवळी, ए धवळी!” वच्छलाबाई हाका मारत होत्या. पांढरीला नाव होतं, हे राजकुंवरला तेव्हा कळलं. मग तीही हाका मारू लागली. बांधाखाली एक ताजं बीळ सापडलं. सशाचं की मुंगसाचं, ते सांगता येईना. वच्छलाबाईंनी तोंडाशी मूठभर गवत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी गवत नव्हतं.

“धवळीनं खादं व्हई,” वच्छलाबाई म्हणाल्या. जरा थांबून, “नहीतं कोनी बकरीनं.”

त्या रोज गवत ठेवू लागल्या आणि राजकुंवर रोज बरोबर जाऊ लागली. बांधावर बसून वच्छलाबाई एकेका वस्तूचं नाव सांगत, ती म्हणून दाखवी. चुकली की दोघी हसत. ज्वारी कापली गेली, शेत उघडं पडलं, तरी धवळी दिसली नाही. गवत मात्र रोज संपत होतं. ते कोण खातं, यावर दोघींचं कधी एकमत झालं नाही. एक दिवस एक बकरी म्हणे तर दुसरी धवळी, आणि दुसऱ्या दिवशी नेमकं उलटं.